मामांचा जपानी चातुर्मास

त्या रविवारी मामांनी सिनेमा नेहमीसारखा बरोबर मधोमध थांबवला. पडद्यावर एक जपानी म्हातारी गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने घराची लाकडी जमीन पुसत होती, दारात सामानाचा ट्रक उभा होता, आणि माझी लेक श्रावणी "अप्पा, अजून थोडाच की" म्हणून गयावया करत होती. मामांनी माईक तोंडाशी नेला, फुंकर मारून तो चालू असल्याची खात्री केली आणि गोदामात बसलेल्या आम्हा मोजक्या माणसांना, हजार पानांची पंगत ताटकळली असावी अशा आवाजात जाहीर केलं, "मध्यंतर झालेलं हाय. राहिलेला भाग पुढच्या रविवारी. ऊटक्क बर्री." ऊटक्क बर्री म्हणजे कन्नडमध्ये जेवायला चला. आम्ही सतरंज्या झटकल्या आणि जेवायला घरी गेलो.

गुरुवारी सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून मामा खुर्चीत बसले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेले. मी शाळेत होते. माझ्या नवऱ्याचा, महेशचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "अप्पा गेले." आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या म्हातारीचा. ती अजून जमीन पुसत बसली आहे, आता तिचं पुढे कोण सांगणार...

मामा म्हणजे माझे सासरे. घरादारात आणि बाजारात सगळे त्यांना अप्पा म्हणत, मी सून म्हणून मामा म्हणायचे. मूळचे वळसंगचे, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. सोलापुरात त्यांचा मंडप, खुर्च्या आणि लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा. कुंभारीच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं मोठं गोदाम आहे. निम्म्या शहराची लग्नं त्यांच्या मंडपात लागली असतील, आणि त्यातल्या बऱ्याच लग्नांत 'वळसंगहून आलेल्या पाहुण्यांनी कृपया नवरीच्या मामांना भेटावे' हा पुकारा त्यांच्याच आवाजात झाला असेल. माईकची त्यांना इतकी सवय होती की घरातसुद्धा बोलण्याआधी ते हलकीशी फुंकर मारत. माझ्या लग्नात त्यांनी स्वतःच्याच सुनेचं नाव माईकवरून चुकीचं पुकारलं, मग खाकरून म्हणाले, "दुरुस्ती हाय." मी बार्शीहून आलेली, नवी नवरी. मुंडावळ्यांच्या आड मला हसू आवरेना, आणि तेव्हाच कळलं की या घरात आपला निभाव लागेल.

अशा माणसाला जपानी कार्टूनचा नाद कसा लागला, हे लोक अजूनही विचारतात. तो एका लग्नातल्या घोटाळ्यातून लागला. स्वागत समारंभ होता. मुलगा जपानमध्ये नोकरीला, घराणं कट्टर शाकाहारी. मामांकडे मोठा प्रोजेक्टर होता, मागे बसलेल्यांना स्टेज दिसावं म्हणून घेतलेला. त्यावर नवरानवरीचे लहानपणचे फोटो दाखवायचे होते. नवरदेवाच्या भावाने घाईत भलताच पेन ड्राइव्ह आणून दिला आणि मामांनी तो लावला. नवरदेवाच्या दुपट्यातल्या फोटोऐवजी पडद्यावर एक चिमुकली मुलगी आली. स्टुलावर चढून तिने तव्यात अंडं फोडलं. भर मंगल कार्यालयात, पुरणपोळीच्या वासात, दहा फुटी अंडं. मामा बंद करायला धावले. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "थांबा की ओ, उलटू दे तिला, जळंल ते." ज्या बाईने जन्मात अंड्याला हात लावला नव्हता तिला त्या अंड्याची काळजी पडली होती. मुलगी अंडं घेऊन आजारी आजोबांच्या खोलीत गेली, अंड्यावरची वाफ हळूहळू वर चढली, बाहेर ऊन सरकलं. पंगतीची रांग जागच्या जागी थांबली. आचारी झारा हातात घेऊन दारात आला. शेवटी नवरदेवच हसत म्हणाला, "चालू द्या, अप्पा." फोटो राहिले ते राहिलेच. जाताना त्याने तो पेन ड्राइव्ह मामांना देऊन टाकला.

आता लग्नाच्या धंद्याचं असं आहे की आषाढात मुहूर्त संपतात ते तुळशीचं लग्न लागेपर्यंत हात बांधून बसायचं. गोदाम खुर्च्यांनी भरलेलं, माणसं रिकामी. त्या वर्षीच्या चातुर्मासात मामांनी दोन बांबूंमध्ये पांढरी कनात, म्हणजे मंडपाची कापडी भिंत, ताणून बांधली, सतरंज्या अंथरल्या, पत्र्याची फट बुजवून भर दुपारी अंधार केला आणि रविवारचे खेळ सुरू केले. स्वतः बसायला नवरदेवाची लाल मखमली खुर्ची. शेजारी नवरीची खुर्ची, तिच्यावर शेंगदाण्यांची ताटली. कोणी त्या खुर्चीवर टेकायला गेलं की म्हणायचे, "ती धरून ठेवलेली हाय." प्रेक्षक म्हणजे आम्ही घरचे, श्रावणीच्या मैत्रिणी, आणि मंडप बांधणारी माणसं. लोक चातुर्मासात कांदा सोडतात, वांगं सोडतात. आमच्या घरात चातुर्मासात जपान धरायचे.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे कार्टून म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मुलांना गिळवायचा घास यायचा. मोबाईल लावला, तोंड उघडलं, वरण-भात आत. हे सिनेमे पाहून मला पहिल्यांदा कळलं की चित्रातली माणसंसुद्धा स्वतः जेवू शकतात, सावकाश, चवीने. त्यांना कशाचीच घाई नसते. बूट घालायचे तर नाडी बांधून होईपर्यंत आपण थांबायचं. बस यायची तर ती येईपर्यंत गवत हलताना बघायचं. सुरुवातीला मला वाटायचं, पुढे सरकवा की हे. मग एकदा लक्षात आलं की माझी मुलगी, एरवी एका जागी न टिकणारी, त्या गवताकडे तोंड उघडं टाकून बघते आहे आणि तिच्यामागे आमचे मंडपवाले रफीकभाई, दाढी पिकलेला गडी, तेही तसंच तोंड उघडं टाकून बघत आहेत. लहानांसाठी वेगळं आणि मोठ्यांसाठी वेगळं असं त्यात काही नव्हतंच. एकाच पातेल्यातलं वरण, ज्याची जशी भूक तसं त्याने घ्यावं. लहानांना त्यात झाडात राहणारा देव दिसायचा, आणि मोठ्यांना त्या देवाकडे बघणाऱ्या आईच्या हातांवरच्या भेगा. झाडात, ओढ्यात, विहिरीत देव राहतो हे तर आम्हाला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. आमच्याकडेही बांधाबांधावर म्हसोबा बसलेला असतो.

एकदा श्रावणीने विचारलं, "अप्पा, यात वाईट माणूस कोण आहे?" मामांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "कुणीच न्हाय. समद्यांचं आपापल्या जागी बरोबर हाय, म्हणून तर भांडण हाय." मी नागरिकशास्त्र शिकवताना ते वाक्य अजून वापरते.

पण आमच्या गोदामातली खरी मजा वेगळीच होती. त्या पेन ड्राइव्हवरचे सिनेमे जपानीत होते आणि खाली इंग्रजी अक्षरंही नव्हती. कुणाला काही कळेना. तेव्हा मामांनी माईक घेतला. "ही पोरगी हाय बघा वळसंगच्या शांतक्काची. आई दवाखान्यात हाय. मामाकडं चाललीय." आणि ते जे सुटले ते थांबलेच नाहीत. त्यांना जपानी येत नव्हतं, हे सांगायला नको. ते चेहरे बघून गोष्ट लावत. प्रत्येक प्रेमळ म्हातारी वळसंगची निघायची. प्रत्येक सिनेमात एखादं लग्न जमायचंच, मग पडद्यावर ती दोघं नुसती पुलावर उभी का असेनात. आणि कुणी अधाशासारखं खाल्लं, कुणी पैसे देताना हात आखडला, कुणी मोठमोठ्याने घोरलं, की मामा जाहीर करायचे, "हे पाव्हणे टेंभुर्णीचे."

टेंभुर्णी हे माझ्या सासूबाईंचं, आत्यांचं माहेर. आत्यांना सिनेमा बघायचा नसायचा. त्या गोदामाच्या बाजूच्या दारात, उजेडात, पडद्याकडे पाठ करून लसूण सोलत बसायच्या. टेंभुर्णीचं नाव निघालं की वळून न बघता तिथूनच उत्तर यायचं, "टेंभुर्णीची माणसं खाऊन हात तरी धुत्यात. वळसंगची खिशात घालून न्हेत्यात." सगळं गोदाम हसायचं. मामा फुंकर मारून म्हणायचे, "हरकत नोंदलेली हाय." हा खेळ असा वर्षानुवर्षं चालला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी आत्या घरात कन्नडचा एक शब्द बोलायच्या नाहीत. कळायचं सगळं, पण उत्तर मराठीतच. खेळ संपल्यावर मामांचं 'ऊटक्क बर्री' झालं की त्या म्हणायच्या, "मराठीत बोलावलं तर काय लोक उपाशी जातील व्हय?"

पुढे श्रावणी मोठी झाली, घरात रीतसर इंटरनेट आलं, सिनेमे इंग्रजी अक्षरांसकट आणि हिंदीतही मिळू लागले. मामांनी हिंदी एकदा ऐकलं आणि बंद करायला लावलं. म्हणाले, "ही माणसं टीव्हीतल्या सासूसारखं बोलाया लागली." इंग्रजी अक्षरांवर त्यांनी धंद्यातला उपाय केला. कनातीच्या खालच्या काठाला मंडपाची लाल झालर लावली. अक्षरं त्या चुण्यांत जाऊन पडायची आणि कुणाला वाचता यायची नाहीत. एकदा श्रावणी मैत्रिणीकडे तोच सिनेमा बघून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अप्पा, ती त्याची शेजारीण होती. आणि त्यांचं लग्नच होत नाही." मामा शांतपणे शेंगदाणा तोंडात टाकून म्हणाले, "तुज्या मैत्रिणीच्या घरात झालं नसंल. आपल्या गोदामात झालंय. जेवणावळ उठली, मंडप सोडला, आता काय करता येत न्हाय."

एका श्रावणात आत्या भावाकडे गेल्या होत्या. रविवारी आम्ही नेहमीसारखे जमलो. मामांनी सिनेमा लावला, माईक मांडीवर ठेवला, आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मुली कुरकुरल्या, तर म्हणाले, "बघा की. चित्रं काय बोलत न्हाईत व्हय?" आणि स्वतः गालावर हात ठेवून बघत राहिले, कुणाचा हात, कुणाची पायरी, पावसात भिजणारं एखादं मडकं. बाहेर पडताना मला म्हणाले, "त्यांनी ताडपत्रीची गाठसुदिक बरोबर काढलीय. बघून काढलीय कुणीतरी." त्या दिवशी मला उमगलं. या माणसाला सिनेमा बघायला गोष्ट लागतच नव्हती. माईक, पुकारे, टेंभुर्णीचे पाहुणे, हे सगळं पाठ करून बसलेल्या एका बाईसाठी होतं. ती वळत नव्हती, म्हणून ते आवाज चढवत होते. मी हे कुणाला बोलले नाही. पुढच्या रविवारी आत्या परतल्या आणि लसूण, माईक, टेंभुर्णी, सगळं पुन्हा सुरू झालं.

मग आला तो यंदाचा, अर्ध्यावर राहिलेला सिनेमा. श्रावणीने नाव न वाचता चित्र आवडलं म्हणून निवडला. डोंगरातलं एक गाव धरणात जाणार आहे, लोक सामान बांधत आहेत, आणि एक म्हातारी आपलं घर आवरते आहे. पहिल्या पाच मिनिटांतच माझी नजर आत्यांच्या दाराकडे गेली. कारण आत्यांचं माहेर टेंभुर्णी हे म्हणायला. त्यांचं खरं गाव भीमेच्या काठी होतं, ते उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. त्या शाळकरी वयाच्या असताना सगळं उचलून टेंभुर्णीजवळ यावं लागलं. घरात हे सगळ्यांना ठाऊक, पण त्यावर कधी कुणी बोलायचं नाही. मामांच्या थट्टेतही ते गाव कधी आलं नाही. थट्टा नव्या गावाची. जुन्याला त्यांनी कधी बोट लावलं नाही, हेही मला त्याच दिवशी कळलं.

मी मामांकडे बघितलं. बंद करतील असं वाटलं. त्यांनी फुंकर मारली. "हे गाव हाय वळसंग," ते म्हणाले. "वळसंगला धरण होणार हाय. लोकं चालली." दारातून लसणाच्या सालींची सळसळ थांबली. आत्या म्हणाल्या, "वळसंगला कुठलं आलंय धरण? पाणी हाय का तितं प्यायला?" मामा माईक खाली ठेवून, साध्या आवाजात, फक्त दाराकडे बघून म्हणाले, "असू दे की. बुडायचंच तर माजं बुडू दे." मग पडद्यावरची म्हातारी फडकं पिळून जमीन पुसायला बसली. पाण्याखाली जाणारी जमीन, पण ती कोपरे सोडत नव्हती. आणि तिथेच मध्यंतर झालं.

मामा गेल्यावर घरापुढे मंडप घातला तो रफीकभाईंनी. डोळे पुसत पुसत त्यांनी अशा चुण्या घातल्या की भेटायला आलेले लोकही क्षणभर वर बघत. सिनेमाची कनात मात्र गोदामात तशीच टांगलेली राहिली. मामांचा नियम होता, खेळ संपला की कनात घडी करून ठेवायची, नाहीतर उंदीर लागतात. पण सिनेमा अर्धा असेल तर ती तशीच राहायची. दिवाळी साधीच झाली. तुळशीचं लग्न जवळ आलं, मुहूर्त सुरू होणार, आणि पहिलंच लग्न कुंभारीचं. रफीकभाई माझ्याकडे येऊन म्हणाले, "भाभी, कनात तो लगेगी. मगर मेरे से नै निकलती. तुमीच बोलो क्या करना." श्रावणीचं म्हणणं, सिनेमा बघायचाच नाही. "अप्पांशिवाय तो नुसता सिनेमा असेल," ती म्हणाली. "मला तो नकोय. मला अप्पांचा हवाय." राहिलेला भाग बघावा तर मामांची गोष्ट कायमची तुटणार, न बघता कनात उतरवावी तरीही तुटणार.

शेवटी आत्याच म्हणाल्या, "रविवारी लावा. अर्धवट ठेवायची त्यांची पद्धत न्हवती."

रविवारी दुपारी आम्ही जमलो. नवरदेवाच्या खुर्चीवर माईक ठेवला होता, शेजारच्या खुर्चीवर शेंगदाण्यांची ताटली. ती कुणी ठेवली मला माहीत नाही. आत्या दारात, पाठ करून, लसूण घेऊन. सिनेमा सुरू झाला. जपानी आवाज गोदामात घुमू लागले आणि पहिल्यांदा लक्षात आलं की ही भाषा आपल्याला मुळीच येत नाही. म्हातारीने जमीन पुसली, फडकं वाळत घातलं, दार ओढून घेतलं. श्रावणी माझ्या कुशीत तोंड खुपसून बसली. ट्रक निघाला.

"आवाज बारीक करा त्यो," दारातून आत्या म्हणाल्या. महेशने केला. त्या अजून पाठ करूनच होत्या. "आता ती मागं बघायची न्हाय. ट्रकमदी बसल्यावर कोण मागं बघत न्हाय. पोरं बघत्यात फक्त." आणि खरंच, पडद्यावर म्हातारी समोर बघत होती आणि नात मागे. श्रावणीने डोकं वर काढलं.

आत्या वळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पडद्याकडे नीट तोंड केलं. "ही म्हातारी टेंभुर्णीकडची हाय," त्या म्हणाल्या. "वळसंगची न्हाय. गाव माजं हाय. त्येनी उगं आपल्या नावावर घेतलं हुतं." मग पाणी चढू लागलं, पायरीवर, उंबऱ्यावर, पुसलेल्या जमिनीवर. चित्रकाराने ते इतकं सावकाश, इतकं मायेने काढलं होतं की भीती वाटेना. माजघरातून मासे फिरले. आत्या बोलत होत्या. त्यांच्या आईचं उखळ जमिनीत पुरलेलं, ते काढता आलं नाही. आई टेंभुर्णीत रोज त्याची आठवण काढायची. "ह्यो बघा, ह्यो मासा आता उखळात बसला आसंल," त्या म्हणाल्या, आणि रफीकभाई हसले, मग आम्ही सगळेच हसलो, आणि हसता हसता माझे डोळे वाहायला लागले.

सिनेमाच्या शेवटी कोरडं वर्ष येतं. पाणी उतरतं, घर वर येतं, चिखलाने भरलेलं. मोठी झालेली नात म्हाताऱ्या आजीला तिथे घेऊन जाते. आजीने सोबत काहीच आणलेलं नाही, फक्त एक झाडू. ती झाडायला लागते. "आमी बी गेलो हुतो, पाणी उतारल्यावर," आत्या म्हणाल्या. "हे मला घेऊन गेले हुते. लग्नाला वर्स झालं न्हवतं. उखळ घावलं. त्येनी हातानं चिखल काढला त्यातला. शर्ट खराब केला नवा." आत्यांनी लसणाचं सुपडं बाजूला सारलं, उठल्या, अंधारातून सावकाश चालत पुढे आल्या, ताटली उचलली आणि नवरीच्या खुर्चीवर बसल्या. पडद्यावर झाडू फिरत राहिला, कोपऱ्याकोपऱ्यातून, आणि मग अंधार झाला.

कुणी हललं नाही. खेळ संपला हे जाहीर करणारं कुणी नव्हतं. आत्यांनी शेजारच्या खुर्चीवरचा माईक घेतला. उलटसुलट करून बघितला, बटण सापडलं. त्यांनी हलकीशी फुंकर मारली.

"ऊटक्क बर्री," आत्या म्हणाल्या.

रफीकभाई कनात सोडायला उठले. आम्ही सतरंज्या झटकल्या आणि जेवायला गेलो.